ऐंशी टक्के अंजना

२७ सप्टेंबर २०१८

आज शाळेच्या पत्त्यावर आयकर खात्याचं पत्र आलं. शिपायानं ते थेट नववीच्या वर्गात आणून दिलं. मी तेव्हा फळ्यावर आयकराचंच गणित सोडवत होतो. 'एका शिक्षकाचे वार्षिक उत्पन्न साडेसहा लाख रुपये आहे, तर त्याने किती कर भरावा?' पोरं वहीत उतरवून घेत होती. मी पाकीट फोडलं, वाचलं, आणि त्या उदाहरणातल्या शिक्षकाला तसाच फळ्यावर टांगून तास संपायची वाट बघत बसलो.

प्रकरण मागल्या वर्षीचं आहे. आमच्या शिक्षक सहकारी पतसंस्थेच्या वार्षिक सभेत क्लार्क शहादेव उठला आणि म्हणाला की पगारातून कापलेला कर परत मिळतो, फक्त विवरणपत्र 'नीट' भरावं लागतं. त्या दिवशी प्रत्येक सभासदाला भेट म्हणून स्टीलचा जग मिळाला होता, त्यामुळे संस्थेवर सगळ्यांचं प्रेम उतू चाललं होतं. मी पगाराचा दाखला आणि पासवर्ड त्याच्या हवाली केला. दिवाळीच्या तोंडावर पंचवीस हजार सातशे पन्नास रुपये खात्यावर आले. वीस टक्के शहादेवनं घेतले. उरलेल्यातून मी गच्चीवर हजार लिटरची टाकी बसवली. यंदा पाऊसच नाही, त्यामुळे टाकी अजून नवीकोरी आहे.

पत्रात विचारलंय की आपण अपंग पत्नीच्या पालनपोषणापोटी सव्वा लाखाची वजावट घेतली आहे, अपंगत्व ऐंशी टक्के किंवा अधिक, तरी तिचं प्रमाणपत्र सादर करावं.

पत्नी म्हणजे अंजना. मी हे लिहितोय तेव्हा ती डोक्यावर एक आणि कमरेवर एक घागर घेऊन अंगणातून येतीय.

मला माहीत होतं का? शहादेव एवढंच म्हणाला होता की, "वैनींच्या नावानं जरा टाकलंय." काय टाकलंय ते मी विचारलं नाही. गणिताच्या माणसाला उत्तर मनासारखं आलं की रीत तपासायचा कंटाळा येतो.

३० सप्टेंबर

शहादेवकडे गेलतो. एकटाच नव्हतो, संस्थेच्या पायरीवर निम्मा तालुका बसलेला. एकेचाळीस सभासदांना पत्रं आलीत. एकेचाळीस जणांच्या बायका ऐंशी टक्के अपंग. आमचे हरिबा सर अविवाहित आहेत. आपल्याला बायको आहे, आणि तीही अपंग आहे, हे त्यांना पत्रातूनच कळलं.

"शहादेव, आधी ईमेल येतो म्हणतात. मला कावून नाही आला?" मी विचारलं.

"आला की सर. समद्यांचा माझ्याच ईमेलवर येतो. तुमाला उगं तरास नगं म्हनून मी कळवलं न्हाई."

केवढी काळजी घेतो पोरगा. लग्नाच्या बायकोनंही एवढी घेतली नाही.

१ नोव्हेंबर

सरकारनं काल दुष्काळ जाहीर केला. म्हणजे आता तो खरा. जूनपासून विहिरी कोरड्या आहेत, निम्मं गाव ऊस तोडायला निघून गेलं, पण कागद नव्हता ना. सवलती लागू होणार त्या कालपासून.

टँकर चौथ्या दिवशी येतो. चौकात येऊन हॉर्न वाजवतो, मुडदा उठून बसेल असा. आमच्या राणीसाहेब तरी हलत नाहीत. शेजारची केशरबाई घागर घेऊन पळताना दिसली की मगच उठतात. मी खोलीतून ओरडून घसा बसवला, "अगं टँकर आला, टँकर!" उत्तर नाही. माझ्या शब्दाला या घरात किंमत किती ते टँकरवाल्यालाही कळलं असेल.

९ नोव्हेंबर

सुजाता दिवाळीला आली होती, आज परत गेली. अंबाजोगाईला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जाताना पुन्हा तेच, "पप्पा, आईला एकदा आमच्या दवाखान्यात घेऊन या." मागल्या वेळीही म्हणाली होती. लेकीला आईची आठवण येते हे ठीक, पण त्यासाठी दोघांचं एसटीचं भाडं कोण देणार? आणि पोरगी आईला कधी साधा फोन करत नाही. तोंड दिसणाराच करायचा, नाहीतर मेसेज. नव्या पिढीचे चोचले.

पुढच्या वर्षाची तिची फी मेमध्ये भरायची आहे.

२९ डिसेंबर

निकाल लागला. वजावट नामंजूर. पंचवीस हजार सातशे पन्नास परत भरा, वर व्याज. त्याच पाकिटात दुसरा कागद: आपण उत्पन्नाची चुकीची माहिती दिली, सबब बुडवलेल्या कराच्या दोनशे टक्के दंड का करू नये, याचा खुलासा करावा.

दोनशे टक्के म्हणजे एक्कावन्न हजार पाचशे. मी हा हिशेब तोंडी केला आणि मग कागदावर करून बघितला, कारण तोंडी पटत नव्हता.

कर आणि व्याज सुजाताच्या फीसाठी ठेवलेल्या पैशांतून भरलं. फीचं बघू. सध्या घरात सगळं 'बघू'वर चाललंय.

२० जानेवारी २०१९

शहादेवनं तोडगा काढला. तो म्हणे, "सर, सर्टिफिकेट मागत्यात न्हवं? मग काढू. पायाचं न्हाई जमायचं, पाय दिसतो. डोळ्याचं बी अवघड. कानाचं बेस. बहिरं हाय का न्हाई, कोनाला भाईरून काय कळतंय?"

"ती ठणठणीत ऐकते रे."

"मग न्हाई ऐकायचं दोन घंटे. बायांना ऐकून न ऐकल्यासारखं करायला शिकवाय लागतंय व्हय?"

हे मात्र खरं बोलला.

मी त्याला विचारलं, हे पाप नाही का? तर म्हणाला, "छावणीत बगा सर, नसलेली जनावरं कागदावर चारा खात्यात. तुमची तर बायको हाय तरी." हरिबा सर शेजारी बसले होते, त्यांनी मान खाली घातली.

३ फेब्रुवारी

आज अंजनाला सांगितलं. चार महिने दडवून ठेवलं होतं. ती ओट्याशी होती, वळून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. ही बाई हल्ली असं बघते की चोरी केली नसली तरी कबूल करावी वाटते. माझी तर केलेली होती.

सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "म्हंजी मी कागदावर अपंग हाय."

"ऐंशी टक्के," मी म्हणालो. आकडा अचूक सांगायची सवय जात नाही.

मला वाटलं होतं भांडी आदळतील. पण तिनं हात पदराला पुसले आणि विचारलं, "तिथं मशीन असतं का? कान तपासायचं?"

"असतं. पण तू घाबरू नको. आवाज आला तरी आला म्हणायचं नाही, एवढंच."

"बरं. जाऊ."

इतक्या सहज? बावीस वर्षांच्या संसारात ही पहिली गोष्ट, जी एका 'बरं'वर मिटली. मला संशय यायला हवा होता, पण एक्कावन्न हजार वाचणार या आनंदात मी तो घेतला नाही.

१० फेब्रुवारी

तालीम चालू. रोज संध्याकाळी ती भाकऱ्या थापते आणि मी मागून परीक्षा घेतो. पहिल्या दिवशी हाक मारली, वळली नाही. परवा पितळी ताट फरशीवर टाकलं. मांजर पळालं, केशरबाई भिंतीवरून डोकावली, हिचा हात भाकरीवर तसाच फिरत होता. अशी नटी माझ्या घरात भाकऱ्या थापत वाया गेली. आज विचारलं, कसं काय जमतं तुला? हसली नुसती.

१७ फेब्रुवारी

आज तालमीत वेगळंच झालं. मी नेहमीसारखा तिच्या मागं उभा राहिलो आणि काय हाक मारावी ते सुचेना. मग तोंडातून आपोआप निघालं, "अंजना, माझं चुकलं. तुला न विचारता तुझ्या नावावर मी पैसे खाल्ले." हळू आवाजात, पण नीट म्हणालो.

तिनं भाकरी उलटली. पदर सारखा केला. एक शब्द नाही, एक नजर नाही.

दहापैकी दहा. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. बोलून झालं, तिनं ऐकून घेतलं, आणि भूमिकेत असल्यामुळे उत्तर देता आलं नाही. नवऱ्याच्या माफीला याहून सोयीची वेळ नसेल.

१४ एप्रिल

दहावीचे पेपर तपासणं आणि निवडणुकीचं प्रशिक्षण, यात दोन महिने गेले. डायरीला हात नाही.

आज जयंती. आमच्या गल्लीच्या पोरांनी वर्गणी काढून बीडहून डीजे आणला. पाण्याला पैसे नाहीत, आवाजाला आहेत, असं मी म्हणणार होतो, पण सकाळी पहिल्या गाण्याला माझाच पाय ताल धरायला लागला, म्हणून गप्प बसलो. भिंतीएवढे कर्णे. सगळ्या बाया कानावर हात ठेवून लांब उभ्या. अंजना मात्र पांढरी साडी नेसून कर्ण्याला जवळजवळ टेकून उभी. मी ओढून बाजूला घेतलं तर डोळे चमकत होते. म्हणाली, "छातीत वाजतंय बगा. लई ग्वाड वाटतंय."

तालमीचा नाद लागलाय तिला. मी म्हणालो, अगं अजून दवाखाना दहा दिवस लांब आहे, आता नको. ती "हूं" म्हणाली. ती सगळ्यालाच "हूं" म्हणते.

२४ एप्रिल

अंबाजोगाईला जाऊन आलो. रात्रीचे साडेअकरा झालेत, पण आज लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

सकाळी पाटोद्याहून निघालो. मांजरसुंब्याला गाडी बदलायची होती, तिथं चहा घेतला. अंजनानं ठेवणीतली साडी नेसली होती. मी शेवटच्या सूचना दिल्या. दचकायचं नाही, बटण दाबायचं नाही, डॉक्टर मागून बोलले तर वळायचं नाही. ती माझ्या ओठांकडे बघत "हूं, हूं" करत होती. मला वाटलं घाबरलीय, म्हणून एक भजी प्लेट घेतली.

दवाखान्यात सुजाता दारातच उभी. आईला मिठी मारून रडली. मी म्हणालो, अगं खोटं खोटं आहे सगळं. तिनं माझ्याकडे जसं बघितलं तसं सासऱ्यांनीही कधी बघितलं नव्हतं.

काचेच्या खोलीत अंजनाला बसवलं, कानावर ते जाड फोन लावले. आवाज आला की बटण दाबायचं. आमच्या बाई बटण दाबेचनात. मी बाहेरून मनात टाळ्या वाजवत होतो. मग तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं की आणखी एक तपासणी आहे, कपाळाला आणि कानामागे तारा लावतात, पेशंटनं काही करायचं नसतं, मेंदूला आवाज पोचतो का ते मशीनच बघतं.

याची तालीम झाली नव्हती.

तासाभरानं डॉक्टरांनी आत बोलावलं. तरुण माणूस, शांत. मी मनात माफीनामा जुळवत होतो. त्यांनी कागद पुढे सरकवला. डावा कान जवळजवळ पूर्ण गेलेला. उजवा अर्ध्याहून जास्त. सगळं मिळून त्रेसष्ट टक्के.

मी म्हणालो, "मशीन बिघडलंय का?"

डॉक्टर अंजनाकडे तोंड करून सावकाश बोलले, "ताई, किती वर्षं झाली?"

"धा-बारा झाली आसतील. आदी डावा गेला. सुजी दुसरी-तिसरीला व्हती तवा."

"घरात सांगितलं नाही?"

"सांगून काय व्हनार व्हतं? मला व्हट कळत्यात. आन् ह्यांना हूं म्हनलं की भागतं."

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. म्हणाले, "सर, आमच्याकडे ऐकू येत नाही असं सोंग घेऊन पुष्कळ लोक येतात, म्हणून ही दुसरी तपासणी असते. यांचं उलटं आहे. या ऐकू येतं असं सोंग करत आल्यात."

सुजातानं सांगितलं की तिला नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून संशय होता. चार दिवस सुट्टीला येऊन पोरीला कळलं. आम्ही एका खाटेवर बावीस वर्षं.

टँकरचा हॉर्न. पितळी ताट. डीजे. नववीच्या पोरालाही एवढी माहिती दिली असती तर त्यानं उत्तर काढलं असतं.

परतताना गाडीत ती खिडकीशी झोपली. मला अचानक आठवलं की फेब्रुवारीत मी जे बोललो ते तिच्यापर्यंत पोचलेलंच नाही.

८ मे

प्रमाणपत्र मिळालं. ते घेऊन आज आयकर कार्यालयात गेलो. साहेबांनी तारीख बघितली. "हे दोन हजार एकोणीसचं आहे, आणि टक्केही ऐंशी नाहीत. तुम्ही वजावट घेतली दोन हजार सतराला."

"साहेब, ती तेव्हाही बहिरी होती. डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय."

साहेब सभ्य निघाले. म्हणाले, "कर भरलाय तो परत नाही मिळायचा. पण दंडाचं वेगळं असतं. पत्नीचं अपंगत्व तुम्हाला त्या वेळी माहीत होतं, तुम्ही प्रामाणिकपणे वजावट मागितली, फक्त प्रमाणपत्र काढायचं राहिलं, असा खुलासा असेल तर दंडाचा विचार करता येईल. तसं लेखी द्या. माहीत होतं ना?"

मी म्हणालो, "लेखी देतो."

११ मे

शहादेवनं खुलासा टाइप करून आणला. त्याचा आनंद बघवत नव्हता. "सर, एकेचाळीस बायकांत तुमची एकच खरी निघाली! नशीब लागतं." चाळीस जण दंड भरणार, मी सुटणार. हरिबा सरांनी तर माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. बायको बहिरी निघाल्याबद्दल अभिनंदन स्वीकारणारा जिल्ह्यातला मी पहिलाच असेन.

खुलाशात सहा वाक्यं. पाच दवाखान्याची. सहावं असं: 'पत्नीचा बहिरेपणा मला सुरुवातीपासून माहीत होता व मी तिची त्यानुसार काळजी घेत आलो आहे.' खाली सहीची जागा.

१२ मे

कागद टेबलावर ठेवला होता. दुपारी अंजनानं तो उचलून वाचला. दहावी पास आहे ती, बोट ठेवून सावकाश वाचते. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

"बाकी समदं खरं हाय," ती म्हणाली. "ह्ये येवढं न्हाई."

रागानं नाही म्हणाली. केशरबाईला पिठात मीठ कमी पडलंय म्हणून सांगावं तसं म्हणाली. मग कागद जागेवर ठेवला आणि वर म्हणाली, "करा सही. सुजीची फी हाय."

मी तासभर बसलो. स्वतःशी खोटं कशाला बोलू, आधी पेन उघडलं ते सही करायलाच. एक्कावन्न हजार पाचशे ही रक्कम मोठी आहे, आणि वाक्य लहान होतं. पण तिचं बोट जिथं टेकलं होतं तिथं कणकेचा डाग पडला होता. डागाच्या खाली सही कशी करायची ते मला सुचेना.

सहावं वाक्य खोडलं. वर हातानं लिहिलं: 'पत्नीचा बहिरेपणा मला २४ एप्रिल २०१९ पर्यंत माहीत नव्हता.' आणि सही केली.

मग उठून ओट्याशी गेलो. या वेळी मागं नाही, समोर उभा राहिलो. जे फेब्रुवारीत म्हणालो होतो तेच सगळं पुन्हा म्हणालो. इतक्या जोरात, की भिंतीवर केशरबाई आली.

अंजनानं सगळं बघून घेतलं. डोळ्याला पदर लावला. मग म्हणाली, "कळलं. वरडू नगा. व्हट दिसत्यात मला."

१९ जून

दंडाचा आदेश आला. पूर्ण दोनशे टक्के. खुलाशाची नोंद घेतलीय, करदात्यानं स्वतःच माहीत नसल्याचं मान्य केलंय, असं लिहिलंय. शहादेव दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. हरिबा सर म्हणाले, सर, तुमी गनित शिकवता त्ये कसं काय?

दंड भरायला कर्ज काढलं. कुठून काढणार, त्याच पतसंस्थेतून. तेरा टक्के व्याज. फॉर्म शहादेवनंच भरून दिला, या वेळी शब्द न् शब्द मी वाचून घेतला. दंडाचे, फीचे आणि अंजनाच्या कानाच्या मशीनचे मिळून एक लाख दहा हजार. कर्जावर संस्थेनं भेट दिली. स्टीलचा जग. आता घरात दोन झाले.

३० जून

मशीन येऊन आठ दिवस झाले. पहिल्या दिवशी उजव्या कानात घालून ती अंगणात बसली, आणि चिमण्या एवढा गोंधळ घालतात व्हय, म्हणून विचारत राहिली. मग मला म्हणाली, "काय तर बोला." मी तीसपर्यंत पाढे म्हणतात तसं घरातल्या वस्तूंची नावं घेत बसलो. ती म्हणाली, "धा वर्सांत आवाज लई पडलाय तुमचा."

पाऊस अजून नाही. आज टँकर आला तेव्हा हॉर्नला केशरबाईच्या आधी आमची घागर चौकात होती.

संध्याकाळी मी पाटावर बसून आयकर खातं, शहादेव, सरकार आणि व्याजाचा दर यांच्याविषयी नेहमीचं बोलायला लागलो. पाच मिनिटं तिनं ऐकलं. मग कानातलं मशीन काढून डबीत ठेवलं, डबी फडताळात ठेवली आणि माझ्याकडे बघून "हूं" म्हणाली.

इतकी वर्षं ती ऐकत नसायची ते मला कळायचं नाही. आता कळतं.